मेडल आलं की फ्लेक्स. पुढं काय?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि वाचायच्या आधीच "आला मोठा शहाणा" लिहायचं असेल तर खुशाल लिहा, परवापासून तेवढंच ऐकतोय.

झालं असं. आमच्या वैरागच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक मेसेज पडला. जपानचा आईस स्केटिंगवाला युझुरू हान्यू, त्याची गोष्ट. लहानपणी दम्याचा त्रास. २०११ चा भूकंप आला तेव्हा हा सोळा वर्षांचा पोरगा बर्फावर सराव करत होता, पायातले स्केट्स न काढताच बाहेर पळाला. घरच्यांबरोबर निवारा केंद्रात राहिला. आणि तीन वर्षांत ऑलिम्पिकचं सुवर्ण. खाली हात जोडलेले इमोजी आणि शेवटची ओळ अशी: जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे, आपली पोरं मोबाईलमध्ये मेली.

त्याखाली पस्तीस-चाळीस अंगठे. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, "अगदी खरे. आपल्या मातीत ती जिद्दच उरली नाही."

मी लिहिलं, "सर, जिद्दीचं राहू द्या. आपल्या तालुक्यातली ऑलिम्पिक खेळलेली मुलगी कोण, ग्रुपवर किती जणांना माहितीय?"

अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एकानं कुस्तीतलं एक नाव टाकलं, ते आपल्या जिल्ह्यातलंसुद्धा नव्हतं. एकानं विचारलं, "क्रिकेटमध्ये का?" शेवटी एका पोरानं गूगल करून लिहिलं. प्रार्थना ठोंबरे, बार्शी. टेनिस.

त्यावर गुरुजी म्हणाले, "अरे पण ती पहिल्याच फेरीत हरली ना?"

तिथं माझं डोकं फिरलं. ग्रुपवर भांडलो नाही, सरांचा मान आहे. इथं लिहितो.

आधी त्या जपानी पोराची गोष्ट पूर्ण करू, कारण मेसेजवाल्यानं त्यातला मुद्द्याचा भाग गाळलाय. माझी भाची आठवीत आहे, स्केटिंगचे व्हिडिओ बघायचं तिला वेड आहे, तिच्यामुळं मलाही हे सगळं वाचावं लागलं. हान्यू सेंदाई शहरातला. मोठ्या बहिणीच्या मागं मागं जात चार वर्षांचा असताना स्केटिंगला लागला. ज्या रिंकवर शिकला, ती २००४ च्या शेवटी बंद पडली. का? पैसे नव्हते. चालवणं परवडत नव्हतं. हो, जपानमध्ये! जिथल्या रक्तात म्हणे शिस्त आहे तिथं! पोरगं दहा वर्षांचं, हातातोंडाशी आलेला खेळ, आणि बर्फच नाही. सरावाचे तास कमी झाले, मिळेल तिथं, मिळेल तेवढा वेळ स्केटिंग.

मग फेब्रुवारी २००६ मध्ये इटलीत तुरिनच्या ऑलिम्पिकमध्ये शिझुका अराकावा नावाच्या बाईनं सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये स्केटिंगच्या महिला एकेरीत आशियाला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. ही बाईसुद्धा सेंदाईतच घडलेली. मिरवणूक तिचीही निघाली असेलच, जपानी माणसालाही मिरवायला आवडतंच की. पण मेडल घेऊन घरी आल्यावर तिनं स्थानिक प्रशासनाकडं मागणी लावून धरली: आमची रिंक परत सुरू करा. आणि मार्च २००७ मध्ये ती सुरू झाली.

त्या परत सुरू झालेल्या रिंकवर कोण सराव करत होतं? बारा वर्षांचा हान्यू. २०१० ला तो ज्युनियर विश्वविजेता. २०११ ला भूकंपात रिंकचं नुकसान झालं, पुन्हा बंद. तेव्हा या पोरानं काय केलं, तर गावोगावच्या आईस शोमध्ये नाव घातलं, कारण शोच्या निमित्तानं सरावाला बर्फ मिळायचा. २०१२ ला टोरांटोला ब्रायन ओर्सर या कोचकडं गेला. २०१४ ला सोचीत सुवर्ण, वय एकोणीस. २०१५ मध्ये एका स्पर्धेत ३२२.४० गुण. त्याआधी ३०० च्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. २०१८ ला प्याँगचँगमध्ये पुन्हा सुवर्ण. पुरुषांमध्ये लागोपाठ दोन सुवर्णं त्याआधी अमेरिकेच्या डिक बटननं १९५२ साली पुरी केली होती, म्हणजे ६६ वर्षांनी हे घडलं. २०२२ ला बीजिंगमध्ये हवेत साडेचार गिरक्यांची उडी मारायला गेला, पडला, चौथा आला, आणि त्याच वर्षी स्पर्धेतून बाहेर पडला.

आणि मेडलच्या बक्षिसाचा पैसा, पुस्तकाचं मानधन, यातून त्यानं कुठं दिलं? सेंदाईच्या त्याच रिंकला.

म्हणजे ही गोष्ट रक्ताची आहे का? एका मेडलातून एक रिंक उघडली, त्या रिंकमधून दुसरं मेडल आलं, त्या मेडलाचा पैसा परत रिंकला गेला. दमा, भूकंप, जिद्द, सगळं खरं आहे. पण २००७ ला ते शटर उघडलं नसतं तर त्या जिद्दीचं पोरानं काय केलं असतं? घरच्या फरशीवर घसरला असता?

आता आपल्याकडं या.

प्रार्थना ठोंबरे. जन्म बार्शीचा, जून १९९४. हान्यूचा डिसेंबर १९९४. एकाच वर्षाची लेकरं. बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ, कॅन्सर हॉस्पिटल, मार्केट यार्ड, जुन्या माणसांना बार्शी लाईटची छोटी रेल्वे. यात टेनिस कुठंच येत नाही. तिथली मुलगी वयाच्या विसाव्या वर्षी, २०१४ ला, दक्षिण कोरियात इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरी खेळली आणि कांस्य घेऊन आली. उपांत्य सामन्यात पहिला सेट टायब्रेकवर जिंकला होता, दुसरा गेला, आणि तिसऱ्याऐवजी जो दहा गुणांचा टायब्रेक असतो तो ४-१० गेला. समोर चिनी तैपेईची जोडी, त्यातली एक शिये सु-वेई.

आता हे नाव लक्षात ठेवा. शिये सु-वेई आणि चीनची पेंग शुआई या दोघींनी मिळून २०१३ ला विम्बल्डन आणि २०१४ ला फ्रेंच ओपनची दुहेरी जिंकली होती. दोघीही जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेल्या. तर इंचॉनला प्रार्थना हरली ती त्यातल्या एकीच्या जोडीकडून.

आणि दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिक, ऑगस्ट २०१६. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली. जोडीला बावीस वर्षांची प्रार्थना, पहिलंच ऑलिम्पिक. पहिल्याच फेरीत समोर कोण? झांग शुआई आणि पेंग शुआई. म्हणजे त्या चॅम्पियन जोडीतली दुसरी बाई.

गुरुजी, ही तुमची "पहिली फेरी". स्कोअर सांगतो: ६-७, ७-५, ५-७. पहिल्या सेटचा टायब्रेक ६-८. पावणेतीन तासांना एकच मिनिट कमी. टेनिस न बघणाऱ्यांसाठी सांगतो, तीन सेटच्या सामन्यात याहून जवळचा स्कोअर शोधायला फार कष्ट पडतील. दोन-चार गुण इकडचे तिकडं झाले असते तर बार्शीची पोरगी ऑलिम्पिकच्या दुसऱ्या फेरीत होती. आपल्याकडं उरलं काय, तर "पहिल्याच फेरीत हरली".

त्याच आठवड्यात शोभा डे यांनी ट्विट केलं होतं, आठवत असेल. आपले खेळाडू रिओला जातात, सेल्फी काढतात, रिकाम्या हातानं परत येतात, पैसा वाया, अशा अर्थाचं. देशभर बोंब झाली, आपणही त्यांना शिव्या घातल्या. पण आपल्या ग्रुपवर परवा गुरुजींनी लिहिलं आणि त्या ट्विटमध्ये होतं, त्यात फरक काय? त्या इंग्रजीत बोलल्या एवढाच.

बरं, रिओनंतर ती गायब झाली का? नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या लढती झाल्या. हा बायकांचा सांघिक टेनिसचा जागतिक कप, पूर्वी फेड कप म्हणायचे तो. भारताच्या संघात प्रार्थना होती आणि भारत प्ले-ऑफला गेला. इंचॉनला वीस वर्षांची होती, बालेवाडीला तीस पार करत आलेली. इतकी वर्षं ही बाई टेनिस खेळतेय. बालेवाडीला आपल्याकडून सकाळी गाडी काढली तर दुपारी पोचतो. आमच्या ग्रुपमधून कुणी गेलं? मीही गेलो नाही. आयपीएल चालू होती.

दुहेरीच्या खेळाडूचं वर्ष कसं जातं हे आपल्याला माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. टीव्हीवर विम्बल्डन दिसतं. त्याच्या खाली आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धांचं मोठं जंगल आहे. "पंधरा हजार डॉलरची स्पर्धा" असं पेपरात येतं तेव्हा आपल्याला वाटतं जिंकणारीला पंधरा हजार डॉलर. तसं नसतं. ती सगळ्या खेळाडूंची मिळून रक्कम. त्यातला मोठा भाग एकेरीला, दुहेरीला छोटा तुकडा, आणि तो तुकडाही दोघींत वाटून. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटला परत परत तार बांधणं, फिजिओ, कोच, हे सगळं आधी खिशातून. आणि रँकिंगचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. मागच्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं ते या वर्षी पुन्हा कमवा, नाहीतर खाली जा. पाय मुरगळला, घरात लग्न आलं, ताप आला, गुण थांबत नाहीत, गळतात. आपल्या द्राक्षबागेसारखं आहे बघा. मागच्या वर्षीच्या मालावर यंदाचं कर्ज फिटत नाही.

अशा धंद्यात दहा-बारा वर्षं टिकणं हेच मेडल आहे असं माझं मत आहे. पण टिकण्याला आपल्याकडं सत्कार नसतो.

आणि सत्काराचं मला माहितीय. कारण माझा धंदाच तो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि हार्दिक अभिनंदन. चौदा वर्षं झाली. त्यामुळं इथून पुढं जे लिहितोय त्यात मी आरोपी नंबर एक आहे, हे धरूनच वाचा.

एक ऑर्डर सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातल्या मुलींचा खो-खोचा संघ मोठी स्पर्धा जिंकून आला. दहा बाय आठचा फ्लेक्स. पेनड्राईव्हमध्ये अकरा फोटो आले, अकराही पुढाऱ्यांचे. मी विचारलं, "पोरींचा फोटो?" म्हणाले, "टाक की गूगलवरून खो-खोचा कुठलापण." मी टाकला. दुसऱ्याच कुठल्यातरी राज्यातल्या पोरी असतील त्या. आपल्या पोरींनी आपल्याच अभिनंदनाच्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढले, आणि वर चेहरे परक्या पोरींचे. त्यातल्या एकीनं दुकानात येऊन विचारलं, "दादा, आमचा फोटो का नाही लावला?" मी म्हणालो, "बाई, मी फक्त छापतो." पैसे घेतले, आठ दिवसांनी विसरलो. परवाच्या मेसेजनंतर ती पोरगी आठवली.

तिचं पुढं काय झालं माहितीय? दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळाले आणि खेळ संपला. आमच्याकडं ही रीतच आहे. पोरगी मैदानात जाते ती ग्रेस मार्कांसाठी, आणि मार्क पदरात पडले की आई म्हणते, आता बास, अभ्यासाला लाग. मी आईला दोष देत नाही. पुढं जायला रस्ताच नाही तर ती काय करेल? पोलिस भरती आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, एवढाच रस्ता दिसतो, आणि तोही बहुतेक पोरांनाच दिसतो.

बक्षिसांचंही तसंच. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य आणलं. जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे दिले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल मिळालं ते थेट २०२४ ला, पॅरिसमध्ये, राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला. नेमबाजी, ५० मीटर थ्री पोझिशन. ७२ वर्षं! सरकारनं लगेच कोटीचं बक्षीस जाहीर केलं, नंतर त्याच्या वडिलांनी हरियाणाच्या तुलनेत बक्षीस कमी असल्याचं जाहीरपणे बोलून दाखवलं. बरीच माणसं त्यांच्यावर तुटून पडली, हावरट म्हणाली. मला ते हावरट वाटले नाहीत. बापानं वर्षानुवर्षं घातलेला पैसा बापालाच माहीत. पण मला यात वेगळंच खटकलं. बक्षीस एक कोटी की पाच कोटी, यावर महिनाभर चर्चा झाली. रेंज किती बांधल्या, कोणत्या तालुक्यात, यावर एक दिवसही नाही. मेडल आल्यानंतरचा पैसा मेडलवाल्याला मिळतो, मिळालाच पाहिजे. मेडलच्या आधीचा पैसा कुणाला मिळतो?

कागदावर तो पैसा आहे. २०२२ साली राज्य सरकारनं तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली. जिल्हा संकुलाची ८ वरून २५ कोटी, विभागीयची २४ वरून ५० कोटी. चांगलं झालं, नाव ठेवत नाही. पण तालुक्याचं संकुल म्हणजे तालुक्याच्या गावाला. वैरागहून बार्शी वीस-पंचवीस किलोमीटर. सोलापूर त्याच्या दुप्पट. सोलापुरात कुमठा नाक्याच्या जिल्हा संकुलात टेनिसची कोर्ट आहेत, तिथं अलीकडं बायकांच्या आयटीएफ स्पर्धाही झाल्या, बाहेरदेशच्या पोरी येऊन खेळल्या. भाचीला दाखवायला घेऊन गेलो होतो. दिवसभर जाळीला नाक लावून उभी होती. येताना एसटीत विचारलं, "मामा, इथं रोज यायचं म्हटलं तर?"

हिशोब केला. शाळा सुटते पाचला. एसटी मिळाली तर सोलापूर साडेसहा, कोर्टवर पोचायला सात. तास-दीड तास खेळून परत निघालं तर घरी दहा. तेरा वर्षांची पोरगी. माझी बहीण पाठवेल का? तुम्ही पाठवाल का? मुलग्याला कदाचित पाठवाल. मुलीसाठी चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे टोरांटोच.

म्हणून मी म्हणतो, आम्हाला वैरागमध्ये एक कोर्ट पाहिजे. संकुल नको, कमान नको, कोनशिला तर अजिबात नको. एक कोर्ट. आखलेली रेषा दुहेरीची ७८ फूट बाय ३६ फूट. धावायला चारी बाजूंनी जागा सोडून १२० बाय ६०. मी चौरस फुटात विचार करणारा माणूस आहे, म्हणून सांगतो: ७,२०० चौरस फूट. साडेसहा गुंठ्यांच्या थोडं वर. दहा बाय आठचे नव्वद फ्लेक्स जमिनीवर पसरले की एक टेनिस कोर्ट होतं. इलेक्शनच्या महिन्यात तेवढे मी पंधरा दिवसांत छापतो.

हे बोललो की तीन उत्तरं येतात.

पहिलं, "आधी नळाला पाणी आणा." बरोबर आहे. पाण्यासाठीही भांडतोच की. पण गंमत अशी की सभामंडप मंजूर होतो, स्वागतकमान मंजूर होते, तेव्हा कुणाला नळ आठवत नाही. पोरींनी मैदान मागितलं की लगेच पाणीटंचाई सुरू होते.

दुसरं, "टेनिस श्रीमंतांचा खेळ, आपली कुस्ती, कबड्डी बरी." कुस्ती बरीच आहे, मी स्वतः लाल माती अंगाला लावलीय, पुढं गेलो नाही ही गोष्ट वेगळी. पण आपला खेळ कोणता हे ठरवायचं कुणी? बार्शीच्या पोरीनं टेनिस खेळून ऑलिम्पिक गाठून आता दहा वर्षं होत आली. तिच्यानंतरही आपण म्हणतोय हा आपला खेळ नाही. आणि टेनिस श्रीमंतांचं का आहे? कोर्ट श्रीमंतांच्या क्लबात आहे म्हणून. सरकारी शाळेच्या मैदानात असतं तर ते कुणाचं झालं असतं?

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त झोंबलं. एका ओळखीच्या माणसाकडं, खुर्चीवरच्या, हा विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, "टेनिस? वैरागात? मुली खेळणार स्कर्ट घालून?" बाजूला बसलेले चार जण हसले. मीही, लाज वाटते सांगायला, हसलो. भाची बाहेर गाडीवर बसलेली होती. तिला ऐकू गेलं का, मी विचारलं नाही.

ज्या शाळेत ती जाते तिथं वेळापत्रकात आठवड्याला पीटीचे तास छापलेले आहेत. सहामाहीच्या आधी ते गणिताला जातात, नंतर विज्ञानाला, स्नेहसंमेलनाच्या वेळी नाचाच्या सरावाला. मैदान चांगलं मोठं आहे. संध्याकाळी तिथं पोरं क्रिकेट खेळतात, कडेला गाड्या लागतात, अंधार पडला की बाटल्या. पोरी मैदानाच्या कडेकडेनं घरी जातात. ते मैदान पोरांच्या नावावर कुणी केलेलं नाही, तरी ते पोरांचंच आहे. कोर्टाला जाळी असते, फाटक असतं, वेळ ठरलेली असते, "पाच ते सात मुली" असा बोर्ड लावता येतो. (बोर्ड मी फुकट करून देतो.) माझ्या मते हा टेनिसपेक्षाही मोठा फायदा आहे.

आणि हो, सगळ्यात वाईट म्हणजे मला ही मागणी करायला जपानची गोष्ट लागली. प्रार्थना ठोंबरेचं नाव मला माहीत होतं, २०१४ लाच वाचलं होतं पेपरात. कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलंही होतं. वर्षभरानं ऊन लागून पिवळं पडलं, काढून टाकलं. त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, की या मेडलच्या जोरावर काहीतरी मागून घ्यावं. सेंदाईवाल्यांनी मागितलं, कारण अराकावानं तोंड उघडलं. आता यावर कुणी म्हणेल, मग प्रार्थनानं का नाही मागितलं? अहो, तिनं खेळायचं, आठवड्याला गुण राखायचे, आणि वर आपल्यासाठी अर्जही तिनंच लिहायचे का? आपल्याला हात नाहीत?

गुरुजींना सांगायचंय ते एवढंच: सर, शिस्त, जिद्द, माती यावर मेसेज पाठवायला काही लागत नाही. पुढच्या वेळी हान्यूचा फोटो पाठवाल तेव्हा खाली रिंकचंही लिहा.

आता कामाचं. तालुका संकुलाला आतापर्यंत किती निधी आला, कशावर खर्च झाला, त्यात मुलींसाठी काय आहे, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून सोमवारी टाकतोय. दुसरा अर्ज नगरपंचायतीला, सार्वजनिक वापरासाठी १२० बाय ६० फूट जागा मिळावी म्हणून. त्याला सह्या लागतील, दुकानात कागद ठेवलाय. आयांच्या सह्या जास्त हव्यात. बाप लोकांनी सही करायला येताना बायकोला घेऊन यावं.

आणि रविवारी सकाळी साडेसातला शाळेच्या मैदानावर मोजमाप घ्यायला जातोय. परवानगी तोंडी मिळालीय. टेप शंभर फुटी आहे, दोनदा लावावी लागेल, म्हणून दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. भाची येणारच आहे. अजून एक-दोघं आलात तर चुन्यानं रेषाही मारून टाकू.